विंडोज दहा संपलं. आता छापखान्यात काय बसवू?

शाईचे डाग

नमस्कार मंडळी. लिहिता लिहिता बरंच लांबलंय, चहा घेऊन बसा.

रविवार कारंज्याच्या मागच्या बोळात आमचा छोटा छापखाना आहे. सासरे ट्रेडलवर खिळे जुळवून छापायचे. आता एक मिनी ऑफसेट, एक लेझर प्रिंटर आणि दोन कॉम्प्युटर आहेत. पत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं आणि द्राक्षाच्या हंगामात पेट्यांवरची लेबलं, हे आमचं काम.

मुख्य कॉम्प्युटर २०१६ साली जोडून घेतला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. मध्यंतरी एसएसडी टाकली, तेव्हापासून तो पळतोय. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेची अपडेट बंद. ज्या दुकानातून जोडून घेतला तिथे विचारलं, तर काउंटरवरचा मुलगा वरही न बघता म्हणाला, "मॅडम, अकरा यावर चढत नाही, हा भंगारात द्या." चालत्या मशीनला भंगार म्हटलेलं मला सोसवत नाही. सासऱ्यांनी ट्रेडल चाळीस वर्षं वापरलं हो.

घरात तीन पक्ष पडलेत. लेक इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो लिनक्स टाक, फुकट आहे. दीर पुण्यात असतात, ते म्हणतात मॅक मिनी घे, दहा वर्षं बघायला नको. ह्यांचं म्हणणं, आहे तसं चालू दे, कोण येतंय आपल्या पत्रिका चोरायला!

मला कुठली सिस्टिम "भारी" ते नकोय. ते वाद आधीच भरपूर झालेत. माझं काम असं आहे: कोरलमध्ये डिझाइन, जुन्या फॉन्ट सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर (त्याचं यूएसबी डोंगल आहे, ते लावल्याशिवाय टाइप होत नाही), टॅलीत हिशेब, आणि गिऱ्हाइकं पेन ड्राइव्हवर आणतात त्या पेजमेकरपासून व्हॉट्सॲपच्या फोटोपर्यंत वाट्टेल त्या फायली. तुळशीचं लग्न लागलंय, आता पत्रिकांची गर्दी सुरू होईल. महिनाभर मशीन बंद ठेवून प्रयोग करणं परवडणारं नाही.

अंबडचा फिटर

ताई, आधी दुकानदाराचं बघू. "चढत नाही" हे अर्धसत्य आहे. अकराच्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत. शिवाय टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चढू देणारी सोय) लागतं. सहाव्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांत टीपीएम बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेलं असतं, ते चालू करता येतं. अडतं ते प्रोसेसरच्या यादीपाशी. ती तपासणी चुकवून अकरा बसवणारे आहेत, आणि ते चालतंही. पण पुढचं मोठं अपडेट आपोआप येईल याची हमी कोणी देत नाही. खरोखर न चढणारी मशीनं म्हणजे कोअर टू ड्युओच्या काळातली. २०२४ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरला काही ठरावीक सूचना समजाव्या लागतात, त्या त्यात नाहीतच.

आता विंडोजचा मोठेपणा, जो तिला शिव्या देताना लोक विसरतात. आमच्या शॉपवर एका मशीनचं सेटिंग सॉफ्टवेअर २००४ सालचं आहे. ते बनवणारी कंपनी गाशा गुंडाळून गेली. ते सॉफ्टवेअर आजही विंडोज दहावर डबल क्लिक केलं की उघडतं. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम न बदलता चालवणं हे सोपं काम नाही. त्यासाठी विंडोजच्या पोटात किती जुना पसारा सांभाळून ठेवलाय याची कल्पना करा. ती जड वाटते, तिच्यात दोन-दोन सेटिंगची पानं सापडतात, नवा कंट्रोल आणि त्याच्यामागे जुना कंट्रोल, ते याचमुळे. अडगळीची खोली आहे, पण वेळेला आजोबांचा पान्हा तिथेच सापडतो.

मर्यादा एक आहे. अकरा फक्त ६४ बिटांत येते, त्यामुळे १६ बिटांचे फार जुने प्रोग्रॅम त्यात नाही चालत.

पेंग्विनप्रेमी

अडगळीचं कौतुक झालं असेल तर मुद्द्यावर येऊ या. :)

लिनक्स म्हणजे काही एक गोष्ट नाही. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये जे जाहीर केलं तो गाभा, म्हणजे कर्नल. त्याभोवती प्रत्येकाने आपापलं घर बांधलं. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट. आपल्याकडे सी-डॅकचं बॉसही आहे. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात. नव्या माणसाला मी मिंट सांगतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोजवरून आलेल्याला पाच मिनिटांत उमगतं. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर बांधलेलं आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. तुमच्या आय-फाइव्हवर तर ते उडेल. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हातही न लावता. वायफाय, आवाज, प्रिंटर, सगळं तपासा, नाही पटलं तर पेन ड्राइव्ह काढा.

अपडेट तुम्ही म्हणाल तेव्हा होतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना मशीन स्वतःहून "बंद करू नका, ३० टक्के" म्हणत बसत नाही.

शाईचे डाग

@पेंग्विनप्रेमी, आणि कोरल?

पेंग्विनप्रेमी

कोरलवर मी अडलो, मान्य. २००० साली कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी आलं होतं, तेवढंच. वाइन नावाचा एक थर आहे, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा, पण त्यावर धंद्याचं कोरल चालवा असं मी शत्रूलाही सांगणार नाही. त्याच्या जागी डिझाइनला इंकस्केप आहे. देवनागरी जोडाक्षरं त्यात सुंदर येतात. पण फोर कलरच्या कामाला ते कमी पडतं, आणि गिऱ्हाइकाची कोरलमधली सीडीआर फाइल नीट उघडेल याची खात्री नाही. स्क्रायबस पानं लावायला चांगलं आहे, १.६ आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली, त्यात देवनागरी सरळ चालते. आधीच्या स्थिर आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी कुठे जाऊन बसायची ते बघून रडू यायचं.

टॅलीसुद्धा मूळची विंडोजचीच.

अंबडचा फिटर

म्हणजे घर छान आहे, पण चूल नाही.

पेंग्विनप्रेमी

चूल आहे हो, तुमचा तवा बसत नाही तिच्यावर.

अर्धं सफरचंद

कॉलेज रोडला डिझाइनचं काम करते, बारा वर्षं मॅकवर. ताई, तुमच्या दिरांचं अर्धं बरोबर आहे.

बरोबर अर्धं आधी. मॅक ओएस उघडलं की रंग आणि अक्षरं यांवर कोणीतरी जीव लावून काम केलंय हे कळतं. स्क्रीनवर दिसणारा रंग आणि छापून येणारा रंग यांत फरक राहतोच, पण मॅकवर तो आधीच ओळखू येतो. खाली युनिक्सचा पाया आहे, म्हणून मशीन महिनोन् महिने बंद न करता चालतं. मी लॅपटॉपचं झाकण लावते, उघडते, काम तिथेच. एम-४ प्रोसेसरची मॅक मिनी भारतात २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांपासून आली, १६ जीबी रॅमसह. ओंजळीत मावते, आवाज नाही, वीज कमी खाते. (पॉवरचं बटण मात्र खालच्या बाजूला दिलंय. ज्याने हे ठरवलं त्याला एकदा भेटायचंय.)

आता उरलेलं अर्धं. ॲपलला मागे वळून बघायची सवय नाही. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत ३२ बिटांचे सगळे प्रोग्रॅम एका दिवसात बंद. मी न वाचता अपडेट दाबलं आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर गेलं, तो स्कॅनर अजून माळ्यावर आहे. चूक माझीच, पण धडा महागात पडला. नंतर २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःचे प्रोसेसर आणले, आणि इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती टाहो. विंडोजवाले वीस वर्षांचं जपतात, इथे पाच-सात वर्षांत घर बदलायची तयारी ठेवावी लागते. दहा वर्षं बघायला नको, असं दिरांना वाटतंय, ते त्यांनी तपासावं. रॅमही नंतर वाढवता येत नाही, घेतानाच काय ती घ्यायची.

आणि तुमचं डोंगल! नव्या मॅकवर विंडोज थेट बसतच नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरात एआरएमवाली (ॲपलच्या नव्या प्रोसेसरच्या जातीची) विंडोज चालते. साधे प्रोग्रॅम ती सांभाळून घेते, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या वस्तूशी बोलणारा प्रोग्रॅम, हा वेगळा प्रकार आहे. तो एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो, जुना चालवून घेता येत नाही. जुन्या डोंगलचा ड्रायव्हर कोणी नव्याने लिहिला असेल असं धरून साठ हजार घालू नका.

कोरल मॅकवर आहे, २०१९ पासून परत आलंय. पण अडचण तिथे नाहीच तुमची.

शाईचे डाग

धन्यवाद. म्हणजे सगळा खेळ त्या अंगठ्याएवढ्या डोंगलवर येऊन थांबला. गंमत वाटते, राग पण येतो.

एक विचारते. फॉन्टचं सॉफ्टवेअर सोडून युनिकोडला, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीला, गेले तर? आमच्याकडे २००६ पासूनचं मॅटर त्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. गावोगावच्या मंडळांची पावतीपुस्तकं, दरवर्षी तीच, फक्त साल बदलतं.

देवळालीचा पेन्शनर

युनिकोडचा विषय निघाला, म्हणून लिहितो. एरवी मी वाचक.

जुन्या फॉन्टची गोष्ट अशी आहे की त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी चित्रं बसवली. कॉम्प्युटरच्या लेखी तुमची "श्री गणेशाय नमः" म्हणजे इंग्रजीतली काहीतरी वेडीवाकडी अक्षरं. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. याचा एक फायदा असा, की नुसती फॉन्टची फाइल कुठल्याही सिस्टिमवर टाका, लिनक्स असो की मॅक, जुनं मॅटर दिसेल आणि छापता येईल. डोंगल लागतं ते टाइप करायला. म्हणजे जुन्यासाठी सॉफ्टवेअर, नव्यासाठी युनिकोड, अशी फारकत आजपासून करता येते.

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर मराठी टायपिंग शिकलो. तिन्ही सिस्टिमवर करून पाहिलंय (मुलगी मॅकवाली, नातू विंडोजवाला, मी मिंट). इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी तिन्हीकडे आहे आणि सारखी आहे, हे तिचं मोठं सुख. उच्चारावरून टाइप करणाऱ्यांसाठी विंडोज दहात २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक आली. लिनक्सवर आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम बसवला की असे दोन-तीन आराखडे मिळतात, पण ते सुरू करायला सेटिंगमध्ये जरा शोधाशोध करावी लागते.

खरी मेख "ऱ्या"त आहे. "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "तऱ्हा". हा रफार नसलेला र दोन प्रकारे साठवता येतो. एक, नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच. पण शोधायला गेलात तर कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. नातवाने टाइप केलेलं "दुसऱ्या" मला शोधून सापडेना, तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला निघालो होतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, सरळ ऱ येतो. छापखान्यात सगळ्यांनी एकच पद्धत ठेवा.

अर्धं सफरचंद

काका, हे मला बारा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

त्याला जोडून ल आणि श. विंडोजच्या जुन्या मंगल फॉन्टमध्ये ल हिंदी वळणाचा दिसतो. मराठी पत्रिकेवर तो ल बघितला की जेवणात खडा लागल्यासारखं होतं. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी रूपं आत असतात, मजकुराची भाषा "मराठी" निवडली की तीच उमटतात. ती निवड कोणी करतच नाही, आणि दोष फॉन्टला. मुक्त, बलू हे फॉन्ट फुकट आहेत आणि तिन्ही सिस्टिमवर चालतात. पत्रिकेला बलू छान दिसतो.

पावणेदोन वाजले

मी विद्यार्थी, मला पत्रिकांचं काही कळत नाही. पण दोन धोके सांगतो.

अकरा नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागते, आणि हल्ली त्याबरोबर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. सुरक्षेला चांगलं आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला डेटा वाचता येत नाही. पण बायोसमध्ये काही बदललं की ती ४८ आकडी किल्ली मागते. आमच्या होस्टेलच्या एका पोराने खातं उघडलं होतं कुठल्यातरी जुन्या ईमेलवर, पासवर्ड विसरला, प्रोजेक्ट गेला. किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा.

दुसरं, घरात कोणी खेळ खेळणारं असेल तर लिनक्सवर स्टीम या ऑनलाइन दुकानातले भरपूर खेळ चालतात आता, प्रोटॉन नावाच्या वाइनसारख्या थरामुळे. पण व्हॅलोरंटसारखे नाहीत, त्यांचं फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या मुळाशी जाऊन बसतं.

पेंग्विनप्रेमी

मुळाशी जाऊन बसणाऱ्या सॉफ्टवेअरवरून आठवलं. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आणि ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर बंद. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले.

अंबडचा फिटर

ते विंडोजचं नव्हतं, क्राउडस्ट्राइकचं होतं.

पेंग्विनप्रेमी

दार कोणी उघडं ठेवलं होतं?

देवळालीचा पेन्शनर

पोरांनो, ताईंच्या पत्रिका.

शाईचे डाग

(आठवड्यानंतर)

मंडळी, काय केलं ते सांगते, विचारत होतात म्हणून.

दहाला एक वर्षाची वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. मुख्य मशीनवर तेच केलं. कोरल, टॅली, डोंगल, तिघंही जागच्या जागी. लग्नसराई त्यावर निघेल.

दुसरा कॉम्प्युटर होता, तो कोअर टू ड्युओ. तो खरंच भंगार व्हायचा. लेकाने त्यात मिंटची हलकी आवृत्ती टाकली, एक्सएफसीईवाली. आता गिऱ्हाइकाचे पेन ड्राइव्ह आधी त्यात लागतात. विंडोजसाठीचे व्हायरस तिथे उघडत नाहीत, फायली बघून, साफ करून मग मुख्य मशीनवर. गेल्या आठवड्यात तीन पेन ड्राइव्हांत शॉर्टकटवाला जुनाट व्हायरस सापडला. ह्यांना तेव्हा पटलं, कोणी पत्रिका चोरायला नाही आलं तरी दार लावावं लागतं. युनिकोडचं नवं काम मी त्यावरच टाइप करते आणि पीडीएफ इकडे आणते. जुनं मॅटर इकडेच, काकांनी सांगितली तशी फारकत.

तिथला लेझर प्रिंटर मात्र मिंटला दाद देत नाही. या जातीचे प्रिंटर अर्ध्या नाशिकच्या झेरॉक्सच्या दुकानांत आहेत. लेक दोन रात्री बसला. एकदा कागद निघाला, कोरा. त्या कॉम्प्युटरवरून छापायचंच नाही, असा तह झालाय.

आणि एक फजिती. चिरंजीवांनी न सांगता मुख्य मशीनवरसुद्धा एका कोपऱ्यात मिंट बसवलं, "फक्त बघायला". त्या दिवसापासून विंडोजचं घड्याळ मागे पडायला लागलं. दहा वाजता दुकान उघडलं, गिऱ्हाइकाला बिल दिलं, त्यावर वेळ पहाटे साडेचार. ते आडगावचे काका बिल न्याहाळून म्हणाले, "वहिनी, ब्रह्ममुहूर्तावर छापता का हो?" बॅटरी गेली असेल म्हणून बोर्डाचा सेल बदलला, पन्नास रुपये. तरी तेच.

अंबडचा फिटर

हाहाहा. सेल चांगला होता हो. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते. लिनक्स ग्रीनिचची ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. लिनक्स चालू करून बंद केलं की घड्याळात ग्रीनिच शिरतं, विंडोज तेच खरं मानते. दोघांचं भांडण, बदनाम सेल.

पेंग्विनप्रेमी

लिनक्सला "घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव" म्हणून एका ओळीत सांगता येतं. तुमच्या लेकाला विचारा, टर्मिनलमध्ये टाइम-डेट-कंट्रोल. मी बाजू घेत नाही, पण ग्रीनिच ठेवणं हीच शास्त्रशुद्ध पद्धत आहे.

शाईचे डाग

लेकाने केलं ते. घड्याळ जागेवर आलं. शास्त्र राहू दे, टॅलीत सहा बिलं पहाटेच्या वेळेची आहेत, ती सीए साहेबांना काय सांगून पटवू तेवढं सुचवा.